लहानपणचं खाणं आणि मोठेपणची हाडं : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात या पानावर खाली एक ओळ टाकली होती की हाडांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि इतकी पत्रं नि मेल आले की सगळ्यांना उत्तर द्यायचं तर अख्खा अंक लागेल. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच, लहानपणी जे खाल्लं किंवा नाही खाल्लं त्याचं बिल पन्नाशीनंतर येतं का? येतं, पण सगळं बिल त्याचंच नसतं. थोडे प्रश्न निवडून घेतलेत, काही पत्रं लांब होती ती जरा छाटली आहेत.

प्रश्न : ताई, मुलगी अकरा वर्षांची आहे, सहावीत. दुधाचा ग्लास दिसला की नाक मुरडते. चॉकलेटची पावडर घालून देऊन बघितली, आठ दिवस प्यायली मग ते पण बंद. सासूबाई रोज ऐकवतात, आत्ता दूध नाही प्यायली तर पुढे कंबर धरून बसेल. मला खूप टेन्शन येतं. (विक्रोळीहून एक आई)

आधी ते सकाळचं दुधावरून भांडण बंद करा, शाळेची बस, तुमची लोकल आणि त्यात हा ग्लास, कोणाचंच भलं होत नाही. सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. हे वय हाडांसाठी खरंच महत्त्वाचं आहे, दुधाचा ग्लास मात्र तेवढा महत्त्वाचा नाही.

वय का महत्त्वाचं ते सांगते. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम असतं आणि मोठ्या माणसाच्या अंगात किलोच्या आसपास, त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. हे भरायचं काम वीस वर्षं सारख्याच वेगाने चालत नाही. कॅनडात मुलांना वर्षानुवर्षं परत परत बोलावून मोजलं तेव्हा दिसलं की मोठेपणी हाडांत जेवढं खनिज असतं त्यातलं जवळजवळ पाव उंची झपाट्याने वाढते त्या काळातल्या फक्त दोन वर्षांत भरतं, मुलींमधे साधारण साडेबाराच्या आसपास आणि मुलांमधे चौदाच्या. म्हणजे तुमच्या मुलीचा सीझन आता सुरूच होतोय. आणि एक गंमत आहे, आधी उंची वाढते आणि खनिज मागून येतं, मधे काही महिन्यांचं अंतर पडतं, म्हणून सातवी-आठवीतली पोरं सायकलवरून पडली की मनगट नाहीतर हात मोडून घेतात. ती अशक्त नसतात, लांब झालेलं हाड अजून पुरतं भरलेलं नसतं इतकंच.

आता आकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मधे दिलेल्या हिशोबात १० ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलंय, १३ ते १५ ला १०००. एका ग्लास दुधात साधारण २४०. म्हणजे नुसत्या दुधावर भागवायचं तर साडेतीन ग्लास, ते कुठलंच मूल पीत नाही, दूध आवडणारं पण नाही. तेव्हा बाकीचं तसंही जेवणातूनच यायला हवं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३५० च्या आसपास असतं, एका मध्यम भाकरीत नाहीतर दोन छोट्या घावनांत १४० येतं. एक वाटी दही १५०. पन्नास ग्रॅम पनीर दोनशेच्या वर. सालासकट तीळ असतील तर एक मोठा चमचा चटणी शंभरच्या आसपास (ते पांढरेशुभ्र पॉलिशवाले तीळ घेऊ नका, कॅल्शियम बरंचसं सालातच असतं). वर डाळ, पोळी, भाजी यांचं थोडं थोडं. झालं की. टिफिनमधे नाचणीचे घावन आणि तिळाची चटणी, घरी आल्यावर ताक, रात्री कधी पनीर भुर्जी, दुधाचं नाव पण काढायला लागत नाही. नाचणीला मोड आणून, सुकवून दळून घेतलीत तर आणखी चांगलं, त्यातलं कॅल्शियम अंगी लागायला अडथळा करणारे घटक कमी होतात. आंबील करायची पद्धत पण त्याच कारणाने शहाणपणाची होती.

पालकावर फार भिस्त ठेवू नका. त्यात कॅल्शियम आहे पण ऑक्झलेट इतकं की शरीराला त्यातलं शंभरात पाचच्या आसपास मिळतं, दुधातलं तीसच्या आसपास. लोहासाठी वगैरे खा, हाडांच्या हिशोबात धरू नका. शेवग्याचा पाला बाजारात दिसला तर जरूर आणा, दादरच्या भाजीवाल्या मावशींकडे मिळतो कधीकधी.

आणि सगळे कॅल्शियम कॅल्शियम करतात त्यात प्रोटीन राहूनच जातं. बिल्डिंगचा स्लॅब नुसत्या सिमेंटचा नसतो, आत सळ्या असतात, तसं हाडात कोलॅजन नावाच्या प्रोटीनचं जाळं असतं आणि त्यावर कॅल्शियम-फॉस्फरस बसतं. चहा-बिस्कीट, मग वडापाव, मग मॅगी असा दिवस गेला तर पोट भरतं पण सळ्या कुठून येणार. डाळ, उसळ, अंडं, मासे, शेंगदाणे, जे घरात चालतं ते रोज असू दे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते आणि ती खाण्याची नाहीये. तुमची मुलगी खेळते का? उडी मारली, धावलं, आपटलं की हाडाला ताण बसतो आणि मग ते जाड होतं. टेनिस खेळणाऱ्या बायकांचे दोन्ही हात मोजले तेव्हा रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा भक्कम निघालं, आणि ज्यांनी पाळी सुरू व्हायच्या आधी खेळायला सुरुवात केली होती त्यांच्यात हा फरक उशिरा सुरू केलेल्यांच्या दुपटीहून जास्त होता. आपल्याकडे नेमकं त्याच वयात काय होतं, तर सहावी-सातवीपासून क्लास लागतो, शाळा सुटली की क्लास, क्लास सुटला की होमवर्क, आणि मुलगी मोठी झाली आता खाली खेळायला नको हे वर. लंगडी, खोखो, दोरीच्या उड्या याला मैदान पण लागत नाही, पार्किंगमधे दोन गाड्यांच्या मधे होतं (सोसायटीचे सेक्रेटरी ओरडतील, ओरडू देत). रोज वीस मिनिटं उड्या मारल्या तरी दुधाच्या ग्लासापेक्षा जास्त कमाई आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅल्शियमच्या गोळ्या तुम्ही विचारल्या नाहीत पण पुढचं पत्र तेच असणार म्हणून सांगते. धडधाकट मुलांना नुसत्या गोळ्या देऊन केलेले बरेच अभ्यास एकत्र करून २००६ मधे बघितले होते, हाडांवर परिणाम अगदी किरकोळ निघाला. डॉक्टरांनी कारणाने दिल्या असतील तर द्या, जाहिरात बघून नको. सासूबाईंना हेही सांगा की हाडं किती भरणार यातला निम्म्याहून जास्त भाग आईवडिलांकडून आलेला असतो, तेव्हा थोडं श्रेय त्यांच्या मुलालाही जातं.

प्रश्न : माझा जन्म १९६६ चा, माण तालुक्यातला. ७२ च्या दुष्काळात आम्ही मिलो आणि सुकडीवर दिवस काढले, दूध डोळ्याला दिसत नव्हतं. पुढे लग्न होऊन लालबागला आले. गेल्या वर्षी बाथरूममधे नुसती घसरले तर मनगट मोडलं. लहानपणीच हाडं कच्ची राहिली असं सगळे म्हणतात, आता काही उपयोग आहे का? (लालबागहून एक वाचक)

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ज्यांनी तो दुष्काळ बघितला नाही त्यांच्यासाठी, मिलो म्हणजे तेव्हा रेशनवर आलेली बाहेरून मागवलेली लाल ज्वारी, आणि सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवर वाटायचे ते कोरडं गोड पीठ.

लोक म्हणतात त्यात तथ्य नाही असं नाही. इंग्लंडमधे हर्टफर्डशायर परगण्यात शंभर वर्षांपूर्वीपासून बाळांची वजनं वहीत लिहून ठेवली होती, तीच बाळं साठी-सत्तरीची झाल्यावर त्यांची हाडं मोजली तेव्हा वर्षाचं असताना ज्यांचं वजन चांगलं होतं त्यांच्या हाडात खनिज जास्त निघालं. फिनलंडमधे हेलसिंकीत असंच दिसलं, लहानपणी ज्यांची वाढ मंद झाली त्यांना म्हातारपणी खुब्याचं हाड मोडायचा धोका जास्त. म्हणजे लहानपणच्या उपासमारीची खूण राहते.

पण दुसरी बाजू आपल्याच देशातली आहे आणि ती तुम्हाला मुद्दाम सांगायचीय. हैदराबादजवळच्या खेड्यांत १९८७ ते १९९० मधे काही गावांतल्या गरोदर बायकांना आणि लहान मुलांना रोज मका-सोयाचा उपमा दिला, शेजारच्या काही गावांत तेव्हा तो नव्हता. ती मुलं विशीच्या आसपास आल्यावर हाडांची घनता तपासली तर उपमा खाल्लेल्या नि न खाल्लेल्या गावांत ठळक फरक सापडला नाही. फरक कशाने पडला, तर आत्ता अंगात स्नायू किती आहेत आणि अंगावर भार येईल असं काम किती होतं याने. आता ती तरुण मुलं होती, तुमचं वय वेगळं, हे मान्य. तरी सगळा दोष सहा वर्षांच्या त्या मुलीच्या ताटावर टाकायला मी तयार नाही. बायकांची हाडं खरी झिजतात ती पाळी गेल्यावर, पहिल्या पाच-सात वर्षांत तर भराभर, आणि ते दूधतूप खाल्लेल्या बायकांचंही होतं.

तर आता काय करायचं. उभ्या उभ्या पडून मनगट मोडणं ही पन्नाशीनंतरची सूचना समजतात, त्यामुळे प्लास्टर काढून विषय संपत नाही. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्या, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, दुखत नाही, काही टोचत नाहीत. त्यात टी-स्कोअर येतो (धडधाकट तरुण हाडांच्या तुलनेत आपली कुठे आहेत तो आकडा), उणे अडीच किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत, असं म्हणतात आणि त्यावर चांगली औषधं आहेत, नुसत्या कॅल्शियमवर वेळ काढू नका. रिपोर्ट घेऊन हाडांच्या नाहीतर हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा. उंची दीड-दोन इंच कमी झाल्यासारखी वाटत असेल, ब्लाउज पुढून-मागून वेगळेच बसत असतील, तर तेही सांगा, मणका न कळत दबलेला असू शकतो. खाण्यात कॅल्शियम १२०० च्या आसपास जायला हवं, आणि दोन्ही वेळा डाळ-उसळ-अंडं-मासे यातलं काहीतरी नक्की. या वयात बायका स्वतःसाठी चहा-पोळीवर भागवतात, ते करू नका. फिरायला जाता ते छान पण फिजिओथेरपिस्टकडून थोडं वजन उचलायचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम शिकून घ्या. बाथरूममधे रबरी मॅट, धरायला दांडा, रात्री जायच्या वाटेवर छोटा दिवा, हे आजच. घनता किती वाढली यापेक्षा परत पडला नाहीत याला जास्त किंमत आहे.

प्रश्न : मला पाचवा महिना चालू आहे. सरकारी दवाखान्यातून कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्यात. आई म्हणते गोळ्या कशाला, डिंकाचे लाडू खा, बाळाची हाडं घट्ट होतात. गरोदरपणात मी जे खाईन त्याने बाळाच्या हाडांवर खरंच फरक पडतो का? (कांदिवली)

पडतो, आणि याचं उत्तर फार लांब शोधायला नको. पुण्याजवळच्या सहा गावांत पुण्याच्याच केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने गरोदर बायकांचं खाणं लिहून ठेवलं आणि नंतर ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांची हाडं मोजली. ज्या आयांच्या जेवणात दूध-दही, डाळी, पालेभाज्या, फळं, मांस-मासे असे कॅल्शियमवाले पदार्थ जास्त वेळा होते आणि ज्यांच्या रक्तात फोलेट (एक बी व्हिटॅमिन) चांगलं होतं त्यांच्या मुलांची हाडं जास्त भरलेली निघाली. २००६ मधे हे छापून आलं. त्यातच दिसलं की वडिलांच्या हाडांचाही मुलांच्या हाडांशी आईइतकाच संबंध होता, तेव्हा सगळा भार तुमच्या एकटीच्या ताटावर नाही.

बाळ कॅल्शियम घेतं ते बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत, आणि त्याची तयारी म्हणून तुमचं शरीर आत्ताच अन्नातलं कॅल्शियम जवळजवळ दुप्पट शोषून घेतं. अंगावर पाजताना आईच्या हाडातलं थोडं खर्च होतं पण पाजणं थांबल्यावर ते बहुतेक भरून येतं, त्याची भीती नको. गोळ्या चालू ठेवा, फक्त लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकदम गिळू नका, मधे दोन तास तरी जाऊ देत नाहीतर लोह नीट लागत नाही.

लाडवांचं म्हणाल तर आईला दुखवू नका, खा. पण हाडांना उपयोगी पडतं ते डिंकापेक्षा त्यातलं बाकीचं सामान, खसखशीत तर कॅल्शियम भरपूर. डिंक स्वतः म्हणजे बहुतेक चोथाच. रक्तातली साखर मात्र डॉक्टरांनी तपासलेली असू दे, एक लाडू म्हणजे एक लाडू.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा. त्याचं डी व्हिटॅमिन कमी असेल असं वाटतं. माझ्यासाठी आणलेली पावडरची ६०,००० वाली पाकिटं उरलीत ती त्याला दिली तर चालेल का? आम्ही रोज सकाळी सातला त्याला गॅलरीत कोवळ्या उन्हात उभा करतो. (डोंबिवली)

नाही. नाही म्हणजे नाहीच. त्या वयाला दिवसाला ६०० युनिट लागतात, एका पाकिटात शंभर दिवसांचं असतं. डॉक्टर ते कधीकधी देतात पण मोजून नि ठरावीक आठवडे. घरच्या घरी चालू ठेवलं तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, किडनीवर परिणाम इथपर्यंत जातं. आणि नुसतं वाटतं म्हणून नको, पाय वाकलेले दिसतात, चालताना डुलतो, पाय दुखतात असं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. (तान्ही बाळं असतील त्या घरांसाठी, वर्षाचं होईपर्यंत रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला भारतातले बालरोगतज्ज्ञच सांगतात, ते चुकवू नका.)

कोवळं ऊन मात्र आपल्या सगळ्यांची गोड समजूत आहे. ज्या किरणांनी त्वचेत डी बनतं ते सकाळी सातला जवळजवळ नसतातच, सूर्य वर यावा लागतो, मुंबईत साधारण अकरा ते दोन. आणि खिडकीच्या काचेतून ते येत नाहीत, त्यामुळे बंद गॅलरीत उभं करून मुलगा फक्त गरम होतो. शाळेच्या मधल्या सुट्टीत उघड्या हातापायांनी बाहेर पळाला तर ते कामाचं. अडचण ही की कितीतरी शाळांना मैदानच नाही, समोरच्या टॉवरची सावली खालच्या घरांवर, आणि पावसाळ्याचे चार महिने ऊनच नाही. सूर्य असलेल्या देशात डी कमी कसं, याचं हेच उत्तर.

प्रश्न : व्हॉट्सॅपवर आलंय की रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यात घालून मुलांना दिला की उंची वाढते आणि हाडं लोखंडासारखी होतात. (भांडुप)

देऊ नका. खायचा चुना दाहक असतो, तोंड-घसा भाजतो, डबीतला उडून मुलांच्या डोळ्यात गेलेल्या केसेस डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. त्याच दह्याच्या वाटीत कॅल्शियम आहे ना आधीच! आणि उंची तर यातल्या कशानेच ठरवून वाढत नाही.

प्रश्न : मी बारावीत आहे. गेले सहा महिने डाएट करतेय, भात-पोळी बंद, दिवसभर ब्लॅक कॉफी आणि डाएट कोला. वजन अकरा किलो कमी झालं, सगळे छान दिसतेस म्हणतात. तीन महिने पाळी आली नाही. हाडांवर परिणाम होतो असं वाचलं, खरंय का? (नाव छापू नका)

खरंय, आणि बरं झालं विचारलंस. शरीराला खायलाच मिळत नाही म्हटल्यावर ते पाळी बंद करतं, इस्ट्रोजेन नावाचं बायकांचं हार्मोन कमी होतं, आणि जे हाडं सांभाळतं तेच कमी झाल्यावर भरायच्या वयात हाडं उलट रिकामी व्हायला लागतात. हाडांचा भर विशीच्या पुढेपर्यंत थोडा थोडा चालू असतो, तुझा अजून संपलेला नाही, म्हणून आत्ता थांबलीस तर बरंच परत मिळवता येतं. चार-पाच वर्षं असंच गेलं तर सगळं परत येत नाही. कोलाबद्दल, अमेरिकेत फ्रॅमिंगहॅममधे २००६ च्या अभ्यासात रोज कोला पिणाऱ्या बायकांच्या खुब्याची घनता कमी दिसली होती, डाएटवालीची पण. त्यातलं नेमकं काय करतं यावर वाद आहे, पण कोला आला की बऱ्याचदा ताक-दूध जातं.

आईला नाहीतर ताईला, मावशीला, कोणाला तरी सांग आणि या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पाळीच्या तारखा आणि वजनाचे आकडे लिहून ने. जेवण बघून भीती वाटत असेल, खाल्ल्यावर अपराधी वाटत असेल तर तेही तिथे बोल, त्यावर उपचार असतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. भात-पोळी आजपासून चालू कर बाळा.

प्रश्न : आम्ही वेसाव्याचे. घरात दूध कोणी पीत नाही, चहापुरतं येतं. पोरं सुकट, जवळा, मांदेली खाऊन वाढली. हाडांना चालेल का? (वर्सोवा)

चालेल काय, उत्तमच आहे. बारीक मासळी काट्यासकट चावून खाल्ली जाते आणि कॅल्शियम त्या काट्यातच असतं, वर प्रोटीन भरपूर. पापलेट-सुरमई महाग म्हणून पाहुण्यांना आणि सुकट घरच्यांना असा हिशोब असेल तर हाडांच्या बाबतीत फायद्यात घरचेच. एवढंच बघा, खारवलेल्या सुक्या मासळीत मीठ फार, आणि मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. दोन-तीन पाण्यातून धुऊन घ्या आणि त्या दिवशी ताटात पापड-लोणचं नको.